नागवेकर मॅडमचं ‘मग?’

मी अरबी समुद्राला काटेरी कुंपण घालण्याचा आदेश लिहिला होता.

नुसतं कुंपण घालून मी थांबलो नव्हतो. ‘बंदरात साचलेले पाणी संबंधितांनी स्वखर्चाने उपसून टाकावे’ असं त्यात पुढे होतं, आणि त्याच्याही पुढे ‘रिकाम्या झालेल्या जागी माती भरून ती सपाट करून द्यावी’ असं होतं. हे मी शुद्धीवर असताना, भर कचेरीच्या वेळात, सरकारी संगणकावर केलं. प्यायलेलो नव्हतो. प्यायलो असतो तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला मी खेडहून रत्नागिरीच्या प्रांत ऑफिसात अव्वल कारकून म्हणून बदलून आलो. पुढे दोन-तीन वर्षांनी ऑफिसात पहिला संगणक आला. त्याला वेगळी खोली, खिडकीला पडदा आणि अंगावर फुलाफुलांचं कापड. चपला बाहेर काढून आत जायचं. मी सुट्टी टाकून संगणकाचा कोर्स केलेला असल्यामुळे त्या देवळाचा पुजारी मीच. एखादा शब्द सबंध मजकुरात एका फटक्यात बदलता येतो, हा चमत्कार मी येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवायचो. तलाठी मंडळी नमस्कार करायचीच बाकी होती.

अशात पावसाळा ओसरत आलेला, नारळी पौर्णिमा तोंडावर, आणि आमच्या हद्दीतल्या एका बंदरावर गॅस्ट्रोची साथ आली. गावाचं नाव सांगत नाही, बंदरच म्हणतो. मच्छीमारांची वाडी, लिलावाचा ओटा, बर्फाचा एक कारखाना आणि दोन विहिरी. मोठ्या विहिरीत पावसाचं घाण पाणी शिरलं होतं. बघता बघता दोन माणसं दगावली, आणि दवाखान्यात खाटा कमी पडून गाद्या जमिनीवर टाकायची वेळ आली. खरी भीती तर पुढेच होती. कारखान्यातला बर्फ त्याच विहिरीच्या पाण्याचा होता. पावसाळी बंदी उठून होड्या बाहेर पडल्या की तो बर्फ मासळीच्या अंगाखांद्यावर बसून सबंध जिल्ह्यात जाणार होता.

साथरोग कायद्याखालचे अधिकार प्रांतांकडे आले. प्रांत होत्या नागवेकर मॅडम. त्या दारातूनच म्हणाल्या, “मोहिते, बंदर बंद करायचा मसुदा करा. जीप काढायला सांगितलीय.”

असल्या आदेशाचा जुना नमुना मला सापडेना, आणि नमुन्याशिवाय लिहिणं म्हणजे आमच्या खात्यात पाप. संगणकात एकच ताजा ‘बंद’चा आदेश होता, तो एका चिरेखाणीचा. आमच्याकडे जांभा दगडाचे चिरे काढून माणसं खड्डे तसेच टाकून जातात, त्यांत पाणी साचतं, गुरं पडतात. म्हणून ती खाण कायमची बंद करून बुजवायचा तो आदेश. मी चमत्कार केला. जिथे जिथे ‘खाण’ होती तिथे तिथे ‘बंदर’ झालं. त्यामुळे वाक्यांची मोडतोड झाली, ती मात्र मी एकेक ओळ तपासून दुरुस्त केली. म्हणजे मी आदेश वाचलाच नव्हता असंही मला म्हणता येत नाही.

मॅडमची एक रीत होती, ती मला तोवर ठाऊक नव्हती. लोकांचं काहीही बंद करणारा आदेश असला की त्या सही आधी करत नसत. ज्याने मसुदा लिहिला त्याने तो जागेवर जाऊन, ज्यांचं बंद होणार त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचायचा. मग सही. मला वाटलं, प्रांत मॅडमनी आपल्याला मान दिला. लिलावाच्या ओट्यावर उभा राहून, घसा खाकरून, मी वाचायला सुरुवात केली. समोर सगळी वाडी. बायका पुढे, पुरुष मागे, आणि सगळ्यांच्या पुढे जैनबबी. जैनबबी म्हणजे त्या ओट्याची मालकीण म्हणायला हरकत नाही. दोन होड्या, एक मुलगा, आणि लिलावात बोली लावताना पलीकडच्या बंदरावर ऐकू जाईल असा आवाज.

“सदर बंदराच्या चारही बाजूंस काटेरी तारेचे कुंपण...”

कुणी हसलं नाही. मला अजून आठवतं ते हेच. माणसं विचारात पडली होती. सरकारी कागदावर आहे म्हणजे करावं लागणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्याच जोरात पाणी उपसण्यापर्यंत पोचलो, तेव्हा जैनबबीने हात वर केला.

“साहेब, हा पाणी उपसायचा तो भरतीला की ओहोटीला?”

मी कागदात पाहिलं. कागदात तसा खुलासा नव्हता.

“नि माती भरायची म्हणता, ती आमच्या हद्दीपुरती, की थेट दुबईपर्यंत? आमची माणसं हायत तिथं कामाला. चालत येतील बिचारी.”

तेव्हा मात्र वाडी हसली. साथीने हबकलेली, दोन माणसं गेलेली ती वाडी पदर तोंडाला लावून हसली. आमच्या जीपचा ड्रायव्हर सकपाळ तर जीपच्या मागे जाऊन हसला.

मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “मग?”

मला वाटलं, पुढे वाचायला सांगतायत. “ते नको,” त्या म्हणाल्या. “कुंपण सोडा, माती सोडा. बंदर बंद, एवढंच धरा. मग?”

“मग मासळी येणार नाही, मॅडम.”

“मग?”

“मग साथ पसरणार नाही.”

“मग?”

“मग... लोक घरी बसतील.”

“मग?”

“मग काय, जेवतील, झोपतील...”

“काय जेवतील?”

 पावसाळ्याचे महिने माणसं सुक्या मासळीवर आणि उधारीवर काढून बसली होती. हंगामाचा पहिला घास समोर दिसत होता आणि मी तो काढून घेणारा कागद मोठ्याने वाचत होतो. मी पुन्हा कागदात पाहिलं. मला खरंच वाटलं, असेल कुठेतरी.

मॅडमनी तो माझ्या हातून घेतला, मासळीची एक पेटी पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि त्याच कागदाच्या पाठीवर नवा आदेश लिहायला लागल्या. प्रत्येक वाक्य आधी विचारून. “लहान विहीर पुरेल का पाण्याला? नाही? मग टँकर.” “होड्या ओढायला किती माणसं लागतात? तीच माणसं गाळ काढतील?” मोठी विहीर आणि कारखाना सील. बंदर बंद. बंद आहे तोवर घरटी धान्य. विहिरीचा गाळ काढणं, कठडा बांधणं, गटारं फिरवणं ही कामं रोजगार हमीवर, आणि ती वाडीतल्याच हातांना. सगळ्यात शेवटी एक कलम: विहिरीच्या पाण्याचे नमुने लागोपाठ तीनदा शुद्ध आले की बंदर आपोआप खुलं होईल, त्यासाठी वेगळा आदेश लागणार नाही, कोणाची सहीही लागणार नाही.

तो मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावला. या वेळी जैनबबीने हात वर केला नाही. ती म्हणाली, “हा बरा लिवलाय. कोणाचा हाय?”

परतीच्या वाटेवर मी विचारलं, “मॅडम, सहीशिवाय आपोआप खुलं? असं लिहितात?”

“लिहीत नाहीत,” त्या म्हणाल्या. मग बाहेर बघत सांगायला लागल्या.

त्या मूळच्या राजापूरच्या. बाजारात वडिलांचं दुकान. अर्जुना नदीचं पाणी बाजारात शिरणं तिथे दर पावसाळ्याचंच. पण त्यांच्या लहानपणी एकदा पाणी ओसरल्यावर पटकी आली आणि मामलेदारांनी त्यांची गल्ली बंद केली. बरोबरच केलं, मॅडम म्हणाल्या. साथ गेली. आणि मामलेदारांची बदली झाली. नव्याला कोणी सांगितलंच नाही की एक गल्ली बंद आहे. तो दुसऱ्या वाटेने कचेरीत जायचा. वडील रोज सकाळी दुकानासमोर जाऊन उभे राहायचे आणि कुलपाला हात न लावता परत यायचे. शेवटी दिवाळीच्या तोंडावर त्यांनी फळी काढली, तर आदेश मोडला म्हणून चावडीवर बोलावणं.

“बंद करणारा बदलून गेला आणि उघडायचं राहून गेलं,” त्या म्हणाल्या. “वाईट कोणीच नव्हतं त्यात. म्हणून तर जास्त भीती वाटते.”

सकपाळने गाडी हळू केली होती. मी मागच्या सीटवर माझं कुंपण मांडीवर घेऊन बसलो होतो.

मॅडम दिसायला अगदी साध्या. ठेंगण्या, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात, पावसाळ्यात पायात रबरी चपला आणि हातात बाप्यांची लांब दांड्याची छत्री. चिखल आला की साडी खोचून सरळ पुढे. त्यामुळे आम्हांलाही बूट वाचवत कडेकडेने जायची सोय नसे. चिडल्या की आवाज आणखी खाली जाई. एवढा, की ओरडा खाणाऱ्याला पुढे वाकून ऐकावा लागे. आपला अपमान आपणच कान देऊन ऐकायचा, ही शिक्षा मी पुष्कळदा भोगली आहे. आणि ते ‘मग?’. ऑफिसात आम्ही त्याची इतकी धास्ती घेतली होती की फाइल आत नेण्याआधी एकमेकांवर सराव करायचो. शिपाईसुद्धा चहा ठेवताना विचारायचा, “मॅडम, चहा आणलाय. मग बशी पण आणलीय.”

साथरोग कायदा त्यांच्या टेबलावरच असे. इंग्रजांच्या वेळचा, चार कलमांचा, पानभराचा कायदा. मी म्हटलं, “एवढ्याशा कायद्यात एवढी ताकद!” त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. “दुसरं कलम वाचा. खर्च कोणी सोसायचा हे ठरवता येतं, असं आहे ना? त्यापुढे कंस आहे. काय आहे त्यात?”

कंसात होतं, नुकसानभरपाई द्यायची असल्यास ती धरून.

“इंग्रजांनीसुद्धा एवढं कंसात का होईना लिहून ठेवलं,” त्या म्हणाल्या. “आपण तो कंस वाचतच नाही. आता चौथं वाचा.”

चौथ्यात होतं की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. मी खूश झालो. म्हटलं, “म्हणजे मॅडम, आपल्याला कोणी काही विचारू शकत नाही.”

“हो,” त्या म्हणाल्या. आवाज खाली गेला. मी पुढे वाकलो. “तेच लक्षात ठेवा.”

त्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. माझा समज असा झाला की मॅडम आपल्याला धीर देतायत.

बंदर बंद झालं त्या दिवसापासून मॅडमनी मासे सोडले. हे आम्हांला त्यांनी नव्हे, त्यांच्या यजमानांनी सांगितलं. नागवेकर सर निवृत्त शिक्षक, माणूस मऊ, पण माशांच्या बाबतीत दोघंही सारखीच वेडी. नारळी पौर्णिमेनंतर एकदा मला बाजारात गाठून ते म्हणाले, “मोहिते, तुमच्या त्या आदेशात माझं नाव आहे का हो?”

“नाही सर. का?”

“मग मला का वाल नि दुधी? दुसऱ्या बंदराचा बांगडा येतोय बाजारात, तुकतुकीत, डोळ्यांत बघतोय माझ्या. ही म्हणते, वाडीच्या ताटात येईल तेव्हा आपल्या ताटात. अहो, पण वाडीला निदान साथ तरी आहे. मला काय झालंय?”

मी त्यांना हॉटेलात नेऊन तळलेली सुरमई खाऊ घातली. त्यांनी खाल्ली आणि मी पैसे देत असताना म्हणाले, “हिला सांगू नका. म्हणजे, मीच सांगेन. मला पचायचं नाही.” दुसऱ्या दिवशी मॅडम मला एवढंच म्हणाल्या, “मोहिते, सरांच्या पोटाची चौकशी केलीत, आभारी आहे.”

पण मॅडम म्हणजे नुसती दया-माया, असं कुणाला वाटत असेल तर त्याने पुढचं ऐकावं.

नारळी पौर्णिमा झाली. आजूबाजूच्या बंदरांवरून होड्या बाहेर पडल्या. आमच्या बंदरावर माणसं नारळ वाहून घरी गेली आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांकडे बघत बसली. पाण्याचा पहिला नमुना शुद्ध आला, दुसरा खराब. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. त्यातच एका पहाटे जैनबबीच्या मुलाने होडी बाहेर काढली. पापलेटांनी भरलेल्या टोपल्या घेऊन आला आणि सील फोडून कारखान्यातला जुना बर्फ त्यावर घातला. शहराकडे निघालेला टेम्पो नाक्यावर पोलिसांनी अडवला आणि बंदरावर परत आणला.

आम्ही पोचलो तेव्हा सगळी वाडी जमलेली. जैनबबी टोपल्यांवर हात पसरून बसली होती. चांदीसारखी चकचकीत मासळी. मॅडमनी ती एकदा नीट पाहिली. पापलेटं त्यांच्याइतकी कुणाला कळत होती? मग म्हणाल्या, “खड्डा काढा.”

वाळूत खड्डा काढला. मासळी ओतली, चुना टाकला, फिनेल टाकलं. जैनबबीने तोंड सोडलं. काय शिव्या त्या! मी कॉलनीत वाढलेला माणूस. आमच्या अलोऱ्याच्या कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत शिवीसुद्धा क्वार्टरच्या नंबरावरून देत. एका माणसाच्या मागच्या-पुढच्या पिढ्यांचा इतक्या बारकाईने विचार करता येतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. “तुजी चूल विजंल! तुज्या ताटात वाळू पडंल! सरकारनं दिलेली खुर्ची तुला गिळंल!” फौजदार पुढे झाले. मॅडमनी हाताने थांबवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. छत्रीसुद्धा उघडली नाही. पाऊस लागला होता. जैनबबी दमेपर्यंत, घसा बसेपर्यंत, एकही शब्द मध्ये न घालता त्या ऐकत राहिल्या. आम्ही सगळे झाडाखाली गेलो होतो. त्या दोघीच उघड्यावर.

मग त्या शांतपणे म्हणाल्या, “मग?”

जैनबबी रडायला लागली. “मग काय, मॅडम? तुमचा धान्य आमच्या दारात आलाच नाय. सून दवाखान्यातून परवा आली. तिला काय घालू? कागद घालू?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. धान्यवाटपाची व्यवस्था माझ्याकडे होती. मी रेशनकार्ड असलेल्या घरांना वाटप लावून दिलं होतं. जैनबबी मुलाचं लग्न झाल्यावर मुला-सुनेला घेऊन नव्या घरात राहायला गेली, कार्ड जुन्या घरावर. माझ्या हिशेबात तिचं घर बसतच नव्हतं. वाडीत अशी आणखीही घरं निघाली.

खटला झाला. मुलाला दंड झाला, सील फोडल्याचा झाला, तो मॅडमनी सोडला नाही. पण मासळी पुरली त्याच संध्याकाळी जीपमधून धान्याची पोती आली, ती वाहायला खांदा माझा होता. चूल दिसेल त्या घरात धान्य, कार्ड असो नसो, असं त्यांनी मला सांगितलं. शेवटचं पोतं ठेवून मी वाकलेला, घामेजलेला जीपकडे आलो आणि म्हणालो, “मॅडम, त्या बाईला एवढं बोलू द्यायला नको होतं. पोलीस होते.”

त्या म्हणाल्या, “मोहिते, कोर्टात आपल्याला ती खेचू शकत नाही. चौथं कलम. मग तिने जायचं कुठे? आपण उभं राहून ऐकायचं. तेवढंच अपील आहे तिला.”

मी बऱ्याच साहेबांच्या हाताखाली काम केलं. हुशार होते, कडक होते, दोघे-तिघे तर फार भले होते. पण आपल्यावर कुणी दावा करू शकत नाही म्हणून पावसात उभा राहिलेला माणूस मी तो एकच पाहिला. त्या रात्री घरी गेल्यावर माझ्या बायकोने विचारलं, खांदा का दुखतोय? मी म्हटलं, काही घरं हिशेबात बसत नव्हती.

आणि मग, पाण्याचे दोन नमुने लागोपाठ शुद्ध येऊन तिसरा तपासणीला गेला असताना, मॅडमची बदली आली. घाटावर, लांब, जिथे मासळी म्हणजे फार तर तलावातली. का आली ते मला माहीत नाही. आमच्या खात्यात बदलीला कारण लागतंच असं नाही. नुसते दिवस भरले असतील.

मी घाबरलो. बंदर बंद, साहेब बदललेला: राजापूरची ती गल्लीच माझ्या डोळ्यांपुढे आली. त्यात वरून फोन. पलीकडचे साहेब म्हणाले, “नमुना शुद्ध आला तरी उघडायची घाई नको. नवीन प्रांत येतील, ते ठरवतील.” मी फोन मॅडमना दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“हो सर,” त्या म्हणाल्या. “पण ठरवायचं असं काही मी शिल्लकच ठेवलेलं नाही.”

तिसरा नमुना शुद्ध आला तेव्हा मॅडम कपाट आवरत होत्या. त्यांनी सही केली नाही, बंदरावर गेल्याही नाहीत. मी विचारलं, “निदान फोन तरी करू का?” त्या म्हणाल्या, “आदेश त्यांनी ऐकलाय. तुम्हीच वाचलात.” आणि खरोखर, आम्ही कुणी बोटही न हलवता, दुपारच्या भरतीला बंदरावरच्या होड्या पाण्यात गेल्या. मी संध्याकाळी गुपचूप जाऊन बघून आलो. कुणी उघडलं नव्हतं आणि बंदर उघडलं होतं.  इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कागदाला असं आपल्या पायांवर चालताना पाहिलं नव्हतं.

पण कायदा बंदर उघडू शकतो, लोकांची तोंडं नाही. मासळी आली आणि ओट्यावर पडून राहिली. त्या बंदराची म्हटलं की शहरातली गिऱ्हाइकं टोपलीवरून पदर सावरून पुढे जात. हॉटेलवाल्यांनी नकार दिला, मोठ्या व्यापाऱ्याचा ट्रक फिरकेना. जैनबबी ऑफिसात आली. या वेळी शिव्या नव्हत्या, त्याने मी जास्तच घाबरलो. ती म्हणाली, “मॅडम, बंद होता तेव्हा बरा होता. तेव्हा निदान आशा तरी होती.”

चार्ज देण्याआधी मॅडमच्या हातात थोडेच दिवस उरले होते. त्यांनी मला बोलावलं. “मोहिते, माझा निरोप समारंभ करणार आहात ना?”

निरोप समारंभ आमच्याकडे ठरलेला असतो. सभागृह, शाल, नारळ, पेढा, वेफर्स, आणि जाणाऱ्याबद्दल जिवंतपणी मृत्युलेख वाचावा तशी भाषणं. मी म्हटलं, “होय मॅडम. हॉल सांगून ठेवलाय.”

“हॉल रद्द. बंदरावर करा. जेवण वाडीतल्या बायकांकडून, वर्गणी आपापली. सगळे तलाठी, मंडळ अधिकारी, डॉक्टर. आणि हॉटेलवाले, मासळीचे व्यापारी. प्रांताच्या निरोपाला नाही म्हणत नाहीत कोणी.”

नाही म्हटलं नाहीच कुणी. ओट्यावर मांडव घातला. केळीच्या पानांवर तांदळाची भाकरी, बांगड्याचं लालभडक तिखलं, तळलेली कोळंबी, सोलकढी. पानं वाढून झाली, पण हात कुणीच घालेना. डॉक्टर व्यापाऱ्याकडे बघतायत, व्यापारी हॉटेलवाल्याकडे, हॉटेलवाला पानातल्या बांगड्याकडे. आपल्याआधी दुसऱ्याने खावं, एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा. मागे वाडीतल्या बायका ओळीने उभ्या, हातात वाढायची भांडी धरून. जैनबबी खांबाला टेकलेली. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

माझं सांगतो. मी खिशात क्लोरीनच्या गोळ्या आणल्या होत्या. कुणाचं लक्ष नाही असं बघून एक मी पाण्याच्या ग्लासात सोडायला गेलो आणि ती पडली सोलकढीत. गुलाबी सोलकढीचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उडाला. मी पान वर सरकवून वाटी झाकली.

मॅडमनी भाषण केलं नाही. बसल्या आणि जेवायला लागल्या. कशा जेवल्या! एवढ्या दिवसांचा उपास होता तो. प्रांताधिकारी, वर्ग एक, राजपत्रित. पण बांगड्यापुढे बसल्यावर राजापूरच्या घरातली मुलगी झाल्या. भाकरीने कालवण पुसून घेतलं, काटा न काटा चोखला, बांगड्याचं डोकं उचलून दोन्ही गालांसकट स्वच्छ केलं, बोटं चाटली, आणि मान वर न करता पान पुढे सरकवून म्हणाल्या, “जैनबबी, आणखी एक. शेपटीकडचा नको, मधला.”

शेजारी बसलेले नागवेकर सर तर केव्हाच दुसऱ्यावर होते.

ते बघून कुणाला राहवेल? आधी सकपाळने हात घातला, मग डॉक्टरांनी, मग सगळ्या पंगतीने. मचमच, भुरके, ‘इकडे जरा कालवण’ असा गलका झाला. बायका धावायला लागल्या. मी पण जेवलो, घाम फुटेपर्यंत. हात धुताना तो मोठा व्यापारी, दात कोरत, जणू सहज, जैनबबीला म्हणाला, “बांगडा काय भावाने सोडतेस?” तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आपणहून भाव वाढवून सांगितला. ओट्यावर त्या मोसमाची पहिली बोली अशी लागली.

मॅडम ओलेच हात पदराला पुसत लांबून ते ऐकत होत्या. मी शाल-नारळ घेऊन पुढे झालो. नारळ त्यांनी पाण्याशी उभ्या असलेल्या एका म्हातारीला दिला, शाल सरांच्या खांद्यावर टाकली आणि जीपमध्ये बसल्या. जीप चढावर लागली. मागच्या काचेतून त्यांचा एक हात दिसत होता. मला वाटलं आपल्याला हलवतायत, मीही हलवला. नीट पाहिलं तर त्या बोटं नाकाशी नेऊन हुंगत होत्या. बांगड्याचा वास अजून आहे का ते बघत असाव्यात. वळण आलं आणि जीप दिसेनाशी झाली.

मी तिथेच उभा होतो. डोळे भरून आले होते. जैनबबी भांडी उचलता उचलता माझ्या बाजूला येऊन थांबली. एकदा तिने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, एकदा मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“सरकारला इथला एक माणूस हलवायचाच होता,” ती म्हणाली, “तर हा काय वाईट होता?”